झोळीचं वजन (गीता ६.१०)

आज सहाव्या अध्यायाचा दहावा श्लोक. ध्यानाला बसणाऱ्या योग्याबद्दल भगवंत सांगताहेत. त्याने एकांतात राहावं, एकटं असावं, मन आणि देह ताब्यात ठेवावे, कशाची आशा धरू नये. आणि शेवटी एक शब्द येतो : अपरिग्रह. जवळ साठा नसावा. आधीचं सगळं आपण मान डोलावत वाचतो. या शेवटच्या शब्दाशी मात्र चुळबुळ सुरू होते, कारण घरात कपाट असतं, आणि कपाटावर दोन वर्षांत न उघडलेली एक बॅगही असते.

या शब्दाकडे आज वेगळ्या वाटेने जाऊ या. हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी बरेच जण रात्री हरिपाठ झाल्यावर गेम खेळतात, हे मला ठाऊक आहे. मीही खेळतो. तेव्हा उदाहरण तिथलंच घेतो.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. आजच्या बहुतेक रोलप्लेइंग गेम्सचा हा आजोबा. त्यात अगदी सुरुवातीपासून एक रटाळ नियम आहे : तुमच्या पात्राने पाठीवर किती सामान घ्यायचं याला मर्यादा. २०१४ च्या नियमपुस्तकात हिशोब सोपा आहे. पात्राची ताकद गुणिले पंधरा, तेवढे पौंड. ताकद दहा असेल, म्हणजे साधारण तुमच्याआमच्याएवढी, तर दीडशे पौंड, सुमारे ६८ किलो. एक कडक पर्यायी नियमही आहे. त्यात २३ किलोच्या आसपास गेलात की एका डावात तीस फूट चालणारं पात्र वीस फुटांवर येतं. ४५ किलो ओलांडलेत की दहा फूट, आणि वर लढताना, उडी मारताना, तोल सावरताना फासेही विरोधात.

खूप जण हा नियम खेळताना बाजूला ठेवतात. दोर किती, मशाली किती, शिधा किती दिवसांचा, हे कोण मोजत बसणार? पण ज्या टेबलावर तो पाळतात तिथे खेळ बदलतो. गुहेच्या तोंडाशी खरी चर्चा होते. दोर घ्यायचा तर दुसरी ढाल ठेवावी लागेल. शिधा वाढवला तर सापडलेला खजिना न्यायचा कशात? तुमचं पात्र कसलं आहे हे तलवारीपेक्षा त्याने काय मागे ठेवलं यावरून कळतं.

जाता जाता एक गंमत. त्या पहिल्या खेळात सामानाचं वजन सोन्याच्या नाण्यांत मोजायचे, म्हणजे सोनं हेच वजनाचं माप. २०११ मध्ये आलेल्या ‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये तुम्ही तीनशेच्या मर्यादेने सुरुवात करता, त्यापुढे गेलात की धावताच येत नाही, पण सोन्याला वजन शून्य. लाखभर मोहरा घ्या, पाय हलकेच. यूपीआयच्या जमान्यात वाढलेल्या आपल्याला हे इतकं सवयीचं वाटतं की त्यात काही विचित्र आहे हेच लक्षात येत नाही. पैशाचंही ओझं असतं, हे त्या जुन्या खेळाला ठाऊक होतं.

आता मुद्द्याकडे येतो. असे गेम खेळणाऱ्यांची एक सवय सगळ्यांनी पाहिली असेल. जखम भरून काढणाऱ्या औषधाच्या बाटल्या मिळतात, आणि आपण त्या वापरत नाही. पुढे मोठा राक्षस आला तर? मोठा राक्षस येतो, तरी वापरत नाही, कारण त्याच्यापुढे त्याहून मोठा असेल. शेवटी गेम संपतो आणि बॅगेत चाळीस बाटल्या तशाच. आता याला लोभ म्हणाल का? मला तरी तसं वाटत नाही. लोभी माणसाला वस्तू हवीशी तरी वाटते, तो ती निदान वापरून बघतो. इथे बाटलीवर प्रेम कुणाचंच नाही. ती आहे म्हणून रात्री झोप लागते, एवढंच. बरीचशी ओझी आपण धास्तीपोटी उचललेली असतात, आणि म्हणूनच लोभावरचं प्रवचन ऐकून ती खाली उतरत नाहीत. ‘मी कुठे लोभी आहे’ असं म्हणून आपण सुटतो.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथमहाराजांनी याच एका स्कंधावर अख्खं एकनाथी भागवत लिहिलं. त्या चोवीसांत एक कुरर पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा घेऊन तो उडतो, आणि ज्यांच्याकडे मांस नाही असे दांडगे पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तो तुकडा टाकतो, आणि सुखी होतो. कुरर म्हणजे नेमका कोण, टिटवी की आणखी कुणी, यावर वाद आहे. रत्नागिरीकराला विचाराल तर तो घारच म्हणेल, कारण हा प्रसंग मिरकरवाड्याच्या बंदरावर रोज घडतो. होड्या लागल्या, टोपल्या उतरू लागल्या की एखादी घार मासा उचलते, आणि क्षणात तिच्यामागे कावळे, बगळे, दुसऱ्या घारी. मासा खाली पडला की सगळा कलकलाट माशाकडे जातो. घारीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

गोष्ट छान आहे, पण मला तिच्यात एक अडचण वाटते. त्या घारीच्या घरट्यात पिल्लं असतील तर? अवधूत एकटा, योगीही एकटा. सहाव्या अध्यायातला तो ‘एकाकी’ शब्द उगाच नाही. ज्याच्या घरी म्हातारी आई आहे, लहान मूल आहे, त्याने मासा टाकून दिला तर सुखी फक्त तोच होईल. सत्संगात तरुण मंडळी हे हमखास विचारतात : मग एसआयपी बंद करायची का? प्रश्न थट्टेत विचारतात, पण तो थट्टेचा नाही.

कोकणातल्या घरांकडे याचं उत्तर आहे असं मला वाटतं, आणि त्याला शब्दही आहे : बेगमी. मे महिन्यात अंगणात बघा. कोकमं वाळताहेत, फणसाची साठं आणि आंबापोळी उन्हात, पापड, कुरडया, सांडगी मिरच्या, सुकट, बोंबील. लाकडं पडवीत रचलेली. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, पाऊस असा की चार-चार दिवस बाहेर पडता येत नाही. अशा जागी साठा न करणारी गृहिणी संत ठरणार नाही, बेजबाबदार ठरेल. मग हा परिग्रह झाला का?

माझ्या मते नाही, आणि कारण डब्याच्या तळाशी आहे. बेगमी संपते. ती संपावी म्हणूनच केलेली असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की ताज्या मासळीची वाट बघणं सुरू, दसरा-दिवाळीला नवा तांदूळ येतो, आणि तोवर डबे रिकामे झालेले असतात. मध्येच शेजारी पाहुणे आले तर वाटीभर तिकडे जातं. आणि बेगमी करणाऱ्या बाईला विचारा, हे कशासाठी? ती सांगेल, आगोटसाठी. कुठवर? गणपतीपर्यंत. दोन्ही उत्तरं तिच्या जिभेवर असतात. आपल्या बाटल्यांबद्दल हे दोन प्रश्न विचारले तर काय उत्तर येतं? ‘असू दे’. याला तारीख नाही, की कुणाचं नाव नाही.

तेव्हा एसआयपी चालू ठेवा. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी असेल, मुलीच्या शिक्षणासाठी असेल, सहा महिने नोकरी गेली तर घर चालावं म्हणून असेल, तर ती बेगमी आहे. पण ज्या आकड्याला ‘इतकं झालं की पुरे’ ही रेघच मारलेली नाही, तो आकडा स्कायरिमच्या सोन्यासारखा बिनवजनाचा वाटेल, आणि दर वर्षी पायांतलं बळ काढून घेईल. आवडत नसलेली नोकरी सोडता न येणं, भावाला वेळेला हात न देता येणं, ही त्या वजनाचीच लक्षणं. एका डावात तीस फूट चालणारा माणूस दहा फुटांवर आलेला असतो.

पण एक तिसरंही ओझं आहे, आणि ते या दोन्हींत बसत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं. तळमजले बुडाले, लोक लेकराबाळांना घेऊन माळ्यावर, गच्चीवर गेले. अशा वेळी कुणी मर्यादा सांगायला लागत नाही, दोन हातांत मावेल तेवढंच खरं. त्याच पुरात एसटी आगारातली माणसं एका बुडत्या बसच्या टपावर चढून आगाराची लाखो रुपयांची रोकड सांभाळत तासन्‌तास बसून होती. पाणी चढत होतं, पाऊस थांबत नव्हता. कुररासारखी ती पिशवी सोडून दिली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यांनी धरून ठेवलं, आणि जे धरलं त्यात त्यांचं स्वतःचं काही नव्हतं.

त्यांना परिग्रही म्हणवेल का? मला नाही म्हणवत. जिवावर बेतेपर्यंत पैसे सांभाळावेत असंही मी म्हणणार नाही. जीव पहिला. पण त्या टपावरच्या माणसांचं ओझं आणि कपाटावरच्या बॅगेचं ओझं एकाच तराजूत घालता येत नाही, इतकं नक्की. गाडगेबाबांना आठवा. हाती काठी आणि फुटकं मडकं, अंगावर चिंध्या. या माणसाने पंढरपूरला, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या हातून केवढा पैसा गेला असेल! पण तो गेला, थांबला नाही.

खेळात ‘बॅग ऑफ होल्डिंग’ नावाची जादूची पिशवी असते. २०१४ च्या नियमांत तिचं स्वतःचं वजन पंधरा पौंड होतं, आणि आत पाचशे पौंड मावायचं. प्रत्येक खेळाडूचं ते स्वप्न. आपल्याकडे वनपर्वात सूर्याने युधिष्ठिराला दिलेलं अक्षयपात्र आहे, पण त्याची रीत अगदी उलटी. त्यात काही साठवता येत नाही. ते फक्त वाढतं, आणि द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरतं बंद. ती सगळ्यांना घालून शेवटी जेवते, म्हणून ते पुरतं. तिने आधी आपलं पान वाढून घेतलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळे उपाशी! जादूच्या वस्तूलाही रोजची मर्यादा घालणारा व्यासांसारखा गेम डिझायनर मला दुसरा दिसत नाही.

राहता राहिली धास्ती. ती शब्दांनी जात नाही, हे वर म्हटलंच. म्हणून नवव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकात भगवंत उपदेश करत नाहीत, हमी देतात. जे मिळालेलं नाही ते मिळवून देणं हा योग, जे मिळालंय ते राखणं हा क्षेम, आणि अनन्य भक्तांचं हे दोन्ही मी वाहतो, असं ते म्हणतात. वाहतो! हमालाचं क्रियापद आहे ते. (याच श्लोकातले शब्द एलआयसीच्या बोधचिन्हावर आहेत. हप्ता भरणाऱ्या माणसालाही शेवटी हेच ऐकायचं असतं, यात मला काही हसण्यासारखं वाटत नाही.) हमी मनापासून पटली का, हे कळायला सोपा मार्ग म्हणजे बॅगेतून एखादी बाटली खरोखर काढून ज्याला आज जखम आहे त्याला देणं. दहाव्या श्लोकावर आज बसाल तेव्हा घरातली अशी एकच वस्तू मनात आणा, जिचं ‘कशासाठी’ आणि ‘कुठवर’ सांगता येत नाही.

उद्या अकरावा श्लोक घेऊ. आज ‘साठा नको’ म्हणणारे भगवंत उद्या चक्क सामानाची यादी देतात : स्वच्छ जागा, फार उंच नाही, फार खाली नाही, खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. मोजून तीन वस्तू.

राम कृष्ण हरी!