बुद्धीची अमानत आणि आपले अज्ञान



मदरशात ‘नूरुल अन्वार’ शिकत असताना त्यातील एक प्रकरण मला अगदी कोरडे वाटले होते. शरीअतच्या आज्ञा पेलण्याची माणसाची पात्रता कोणत्या कारणांनी उणावते, याचा तो तपशील. हनफी विद्वान या कारणांचे दोन वर्ग करतात. पहिला ‘समावी’, म्हणजे आकाशातून आलेला, ज्यात माणसाचा हात नाही : बाल्य, वेड, मतिमांद्य, झोप, विस्मरण. दुसरा ‘मुक्तसब’, म्हणजे माणसाने स्वतः ओढवून घेतलेला. नशा या वर्गात येते. परीक्षेपुरते मी ते पाठ केले. त्याची खरी किंमत घाटकोपरच्या वस्तीत इमामत करू लागल्यावर कळली.

गेल्या हिवाळ्यात इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा वर्षभर एम.डी. घेत होता. लहानपणी त्याने ‘अम्म’चा पारा पाठ केलेला. मी त्याला सूरह अत्-तीन म्हणायला सांगितली, तर दुसऱ्या आयतीवर तो थांबला आणि माझ्याकडे नुसता पाहत राहिला. वडील म्हणाले, “मौलाना, याला अल्लाहची भीती घाला. अक्कल गहाण टाकलीय याने.”

त्या वाक्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. जी वस्तू गहाण टाकली, ती मुळात या मुलाच्या हाती पूर्ण आली होती का?

नशेबद्दल शरीअतचा निर्णय निःसंदिग्ध आहे. सूरह अल्-माइदामध्ये मद्याला शैतानाच्या अपवित्र कामांत गणले आहे, आणि बुद्धीला जे झाकून टाकते ते सर्व मद्यच, असा खुलासा हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून केला. मदीनेत मेफेड्रोन नव्हते. भारतीय कायद्याने तरी ते अंमली पदार्थांच्या यादीत २०१५ साली घातले. पण हजरत उमर (रजि.) यांच्या व्याख्येत ते पहिल्या दिवसापासून आहे. ही पूड मेंदूतील आनंदाची रसायने एकदम उधळून टाकते. मग साध्या गोष्टींतला आनंद फिका पडतो, स्मरण आणि एकाग्रता ढासळते. विशी ओलांडली तरी मेंदूचा पुढचा भाग पक्व होतच असतो, म्हणून कोवळ्या वयात हा घाव अधिक खोल जातो.

इथवर प्रश्न सोपा आहे. परंतु या मुलाचा जन्म अशा गल्लीत झाला, जिथे भंगारातील बॅटऱ्या फोडून शिसे वितळवीत असत. दुसरी-तिसरीपासून शिक्षकांची तक्रार होती की याचे लक्ष टिकत नाही, हा पटकन भडकतो. त्याच्या बाबतीत शिशाने नेमके काय केले, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. शिसे सर्वसाधारणपणे काय करते, ते मात्र ठाऊक आहे. शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेते, हाडांत दशकानुदशके साठविते. गर्भवतीच्या रक्तातून ते बाळापर्यंत पोहोचते. ज्या मुलाच्या आहारात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याचे शरीर शिसे अधिक शोषते. म्हणजे गरिबाचे मूल दोनदा भरडले जाते. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई व दिल्लीतील तीन वर्षांखालील मुलांचे रक्त तपासले होते. त्यातील १,०८१ मुलांच्या नोंदी पुढे अभ्यासल्या गेल्या, तेव्हा ७६ टक्के मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसे आढळले. आज जागतिक आरोग्य संघटना ५ वरच शिशाचा उगम शोधून तो बंद करावयास सांगते, आणि सुरक्षित अशी पातळी ठाऊकच नाही म्हणते. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे होते. ते देशभरातून २००० साली गेले. बॅटऱ्यांची गल्ली मात्र राहिली.

अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात काही मुलांच्या रक्तातील शिसे जन्मापासून मोजले गेले आणि मोठेपणी त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. बालपणी शिसे जितके अधिक, तितका मेंदूच्या पुढील भागात ऱ्हास अधिक, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. आवेग आवरणे, परिणाम ओळखणे हे याच भागाचे काम. आपण ज्याला नफ्सचा लगाम म्हणतो, तो शरीरात जिथे धरला जातो ती ही जागा. नशेचा घावही इथेच बसतो.

मग या मुलाला कोणत्या वर्गात बसवावे? त्याचा काहीच दोष नाही, असे मी म्हणणार नाही. पहिली पुडी त्याने जाणूनबुजून घेतली, आणि त्याला निर्दोष ठरविणे म्हणजे तौबाचा दरवाजाही त्याच्यासाठी बंद करणे होय. परंतु त्याच्या दोषाचे नेमके माप अल्लाह तआलापाशी आहे, माझ्यापाशी नाही. लगाम किती मजबूत दिला होता, हे देणाराच जाणतो. म्हणून मी त्याला नरकाचे वर्णन ऐकविले नाही. त्याच्या वडिलांना व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला आणि धाकट्या बहिणीच्या रक्तातील शिसे तपासून घ्यायला सांगितले. वडिलांना दुसरी गोष्ट विचित्र वाटली.

आता माझ्याविषयी. माझ्या मुलीच्या डोळ्यांत मी तिच्या सहाव्या दिवसापासून सुरमा घालीत असे, सुन्नत समजून. हदीसमध्ये प्रशंसा आली आहे ती ‘इस्मिद’ची, आणि कोशकार त्याचा अर्थ बहुधा अँटिमनीचे खनिज असा देतात. बाजारात त्या नावाने मिळणारी काळसर चमकदार पूड मात्र कित्येकदा शिशाचे सल्फाइड असते. बाळ डोळे चोळते, मग बोट तोंडात घालते. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी उत्तरलो, “मला माहीत नव्हते.”

त्या रात्री मी ‘नूरुल अन्वार’ पुन्हा उघडले. ‘मुक्तसब’ कारणांच्या यादीत नशेच्या शेजारीच आणखी एक शब्द आहे, जो विद्यार्थिदशेत मी न थांबता वाचून गेलो होतो : ‘जहल’, अज्ञान. आकाशातून आलेल्या कारणांत विद्वानांनी त्याला बसविलेले नाही. प्रत्येक अज्ञान पाप ठरते असे नव्हे. काही अज्ञान क्षम्य असल्याचे त्याच प्रकरणात सांगितले आहे. पण विचारले असते तर कळले असते, अशा अज्ञानाचे काय? ज्या बापाने एम.डी.साठी मुलाला माझ्यापुढे उभे केले, त्याच्याशेजारी मीही उभा होतो.

पुढच्या जुम्याला मी खुत्ब्याआधी सुरम्याविषयी बोललो. बाहेर अत्तर आणि सुरमा विकणारे वृद्ध चाचा नमाजनंतर म्हणाले, “मौलाना, मग या डब्यांचं मी काय करू?” उरलेल्या डब्या मी विकत घेतल्या. त्या कचऱ्यात टाकाव्यात तर तेच शिसे पुन्हा कुणाच्या तरी मुलाच्या हाती लागणार. अजून त्या माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर, कुलपात आहेत.