पायाखाली कोण?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, तेरणेच्या काठी, गोरोबाकाकांच्या मंदिराजवळ मामा-भाची बोलत बसले होते. भाची वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, पैशावर पुण्यात राज्यसेवेची तयारी करते. यंदा परत जायचं की नाही, हा पेच.

"मामा, 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. पुन्हा नव्यानं अभ्यास. आवड संपली का नुसती दमले, तेच कळंना."

"नोकरी लागली असं धर. पहिल्या सोमवारी कचेरीत काय करशील?"

ती गप्प. पूर्व, मुख्य, मुलाखत हे टप्पे तोंडपाठ, पण त्यापुढचा दिवस तिनं कधी डोळ्यांसमोर आणलाच नव्हता. धाराशिवच्या कितीतरी पोरांना पद ठाऊक असतं, काम नाही. हीच मोठी अडचण.

"सप्टेंबरात परांड्याकडं पूर आला, तेव्हा मी आत्याकडं होते. सोयाबीन गेलं, खालची मातीसुद्धा गेली. पंचनाम्यासाठी लोकांचे सातबारे, पासबुकं जुळवून दिली. त्या दिवसांत आपलं पुढं काय, हा प्रश्नच पडला नाही."

"मग तेच कर की. त्याला पद कशाला?"

"पदाशिवाय सही चालत नाही, मामा. एका बाईनं पेरलेलं रान दिराच्या नावावर होतं. कागद मी लावले, पण मदतीची यादी दुसऱ्यानं ठरवली."

मामा थांबले. "हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बघ, गोरोबाकाकांनी कुंभारकामाच्या थापटण्यानं पारखून नामदेवांना कच्चं ठरवलं, अशी कथा आहे. नामदेव दुखावले, पण मग विसोबा खेचरांकडं गेले. तूही नुसत्या पुस्तकांकडं परत जाऊ नको. एखाद्या तलाठ्याबरोबर महिनाभर हिंड."

"हिंडते. पण काकांची दुसरी कथा मला झोपू देत नाही. नामात दंग होऊन चिखल तुडवला आणि स्वतःचं लेकरू पायाखाली आलं. लोकांना त्यात भक्ती दिसते, मला ते लेकरू दिसतं. माझ्या अभ्यासाखाली कोण आलंय? अण्णांनी ठिबक घेतलं नाही. धाकट्या भावाची फी थकली."

"अण्णा काही बोलले?"

"ते बोलणार नाहीत. म्हणून मीही विचारलं नाही."

"मग आज विचार. अजून किती वर्षं झेपंल, पैशाच्या हिशोबानं विचार. आणि 'तू काळजी करू नको' म्हणाले, तर ते उत्तर धरू नको."