सुटा अंक

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक खाली येते, आणि "अहो, यंदा तरी हे धूड कुणाला देऊन टाका," हे वाक्यही तिच्याबरोबर खाली येते. धूड म्हणजे 'ज्ञानोदय' या पत्राच्या जुन्या अंकांची एक बांधीव फाइल. साल 1860 नंतरचे. रद्दीवाल्याच्या तराजूत चढलेली असताना मी ती उचलली होती. पुठ्ठा वाळवीने खाल्ला आहे, पण आतला कागद अजून वाकतो, मोडत नाही. तो चिंध्यांच्या लगद्याचा. पुढे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला, तो काही वर्षांतच पिवळा पडतो आणि पापडासारखा तुटतो.

यंदा मात्र जुन्या वस्तूंचा संग्रह करणारे एक गृहस्थ फाइल पाहायला आले. हात धुऊन, पुसून, त्यांनी पान न् पान उलटले आणि म्हणाले, "मास्तर, शिवण उसवा. अंक सुटे करा. दोनचार चांगले निघतील, त्यांचे मी इतके देतो. बाकीचे भरताड." आकडा ऐकला मात्र, धाकटीच्या कॉलेजची फी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

अमेरिकन मिशनऱ्यांनी हे पत्र जून 1842 मध्ये अहमदनगरला सुरू केले. हेतू उघड होता, ख्रिस्ती धर्माचा प्रसार. त्यात शास्त्रीय माहिती आहे, शाळांची बाजू आहे, जातिभेदावर टीका आहे, आणि आपल्या देवादिकांचा असा काही समाचार आहे की मीही एकदोनदा फाइल रागाने मिटली. आमच्या आजीने तर तिला उंबरठ्याच्या आत येऊ दिले नसते. मग असली वस्तू जपायची कशाला, असे कुणी विचारले तर मी मुक्ता साळवेचे नाव घेतो.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी ही चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 1855 साली याच पत्रात छापला गेला. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने त्यात लिहिले. ज्या पत्राचा आजीने विटाळ मानला असता, त्यानेच तिला जागा दिली. आपल्या पत्रांत तेव्हा अशी जागा तिला कितीशी मिळाली असती?

माझ्या फायलीत ते साल नाही, हे गृहस्थांनी हळहळून सांगितले. "तो अंक असता तर!" मी म्हटले, "कुठला? निबंध दोन भागांत आला. अर्धा 15 फेब्रुवारीला, उरलेला 1 मार्चला." ते हसले. "मग दोन गिऱ्हाइके मिळाली असती!"

ते थट्टेने बोलले, पण मला रात्री झोप लागली नाही. मुलीचे अर्धे बोलणे एकाच्या काचेत आणि अर्धे दुसऱ्याच्या! विकत घेतलेल्या वस्तूवर आपला हक्क तरी कुठवर? फाइल माझी आहे, हे खरे. पण ती ज्याने शिवली त्याने चांगले आणि भरताड असे निवडले नव्हते. मुक्ताचा अंक जपणाऱ्यालाही तेव्हा त्याची किंमत कुठे ठाऊक होती? आणि संग्राहकांना नावे ठेवावीत तर तेही अप्रामाणिकपणाचे होईल. वाचणाऱ्यांनी वाचून झाल्यावर त्याच पत्रात मिठाच्या पुड्या बांधल्या असतील. जे उरले ते कुणाच्या तरी हव्यासाने उरले. मी स्वतः काय केले? पंधरा वर्षे ट्रंकेत कोंडून ठेवले. एक फाटके पान तर चिकटपट्टीने जोडून कायमचे डागाळले.

काल धाकटी फाइल घेऊन बसली होती. मध्येच म्हणाली, "बाबा, मुक्ताचा पहिला भाग ज्यांनी वाचला, त्यांनी पुढचा अंक येईपर्यंत काय केले असेल हो?"

गृहस्थ भाऊबीजेनंतर येणार आहेत. शिवण उसवायची की नाही, ते अजून ठरलेले नाही. ट्रंक पलंगाखाली आहे आणि फीची तारीख जवळ आली आहे.