वैद्यनाथा, ही ओल राख

परळीच्या वैद्यनाथा, वैद्यांचाही तू नाथ. म्हणून आज माणसांचं नव्हे, बालाघाटावरच्या झाडापाल्याचं गाऱ्हाणं घेऊन आले आहे.

हिमयुगातही आमच्या डोंगरावर बर्फ साचला नाही. पण सुमारे २० हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडचे देश हिमाखाली गेले, समुद्र १२० मीटर खाली उतरला आणि इकडचा मोसमी पाऊस दुबळा झाला. हिमयुग आमच्याकडे आलं ते अवर्षण होऊन; बीडच्या माणसाला हे फोडून सांगायला नको. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली, २५ हजार वर्षांपूर्वीची, नक्षी कोरलेली. कोरड्या माळावरचा शहामृग, देवा, आपल्या महाराष्ट्रात!

तशा कोरड्या काळात ओलीवर जगणाऱ्या वनस्पती घळींत, कड्यांच्या सावलीत, झऱ्यांच्या काठी तग धरून राहतात. एका आसऱ्यातल्या फुलाचा पराग दुसरीकडे पोचत नाही. हजारो वर्षं अशी ताटातूट झाली की जात एकच असूनही प्रत्येक ठिकाणच्या बियांत निराळे गुण साठतात. जिथे मोजकीच रोपं उरतात, तिथे काही गुण कायमचे गळतात. पुढे पाऊस परतला तरी ही नोंद जनुकांत टिकते. आल्प्सच्या फुलांत शास्त्रज्ञांनी ती वाचली आहे. ताटातूट आपल्याकडेही दिसते: लाल बुरांश हिमालयात फुलतो तो एकदम निलगिरीकडे भेटतो, मधलं सारं पठार ओलांडून.

तेव्हा वैद्यनाथा, कपिलधारच्या घळीतली ओल राख. वणवा लावणाऱ्याचा आणि डोंगर फोडणाऱ्याचा हात धर. झाडं लावणाऱ्या आम्हा भाविकांनाही थोडी अक्कल दे. दुरून आणलेली, एकाच झाडाची लेकरं हजार खड्ड्यांत लावून आम्ही फोटो काढतो. एकाला जे सोसत नाही, ते बहुतेक साऱ्यांनाच सोसत नाही. परक्या झाडांवर माझा राग नाही. सीताफळही अमेरिकेतूनच आलं, आणि आज बालाघाटाचं नाव त्याच्यामुळे आहे. पण उजाड माळावर नुसतं गिरिपुष्प लावून त्याला जंगल म्हणू नये.

पुढचा दुष्काळ कोणतं रोप सोसेल, हे तुलाच ठाऊक. म्हणून पळस असो, आपटा असो की खैर, बी याच डोंगरावरचं, पुष्कळ निरनिराळ्या झाडांखालून वेचलेलं घ्यावं, एवढी बुद्धी बीडच्या प्रत्येक रोपवाटिकेला दे.