वाघाची वंशावळ तोंडपाठ, घरची कोरी

वह्या बंद करा. बाकावर ठेवा आणि इकडे बघा.

आपलं घराणं मोहर्लीत कुठून आणि कोणत्या वाटेनं आलं, एवढंच लिहून आणायला सांगितलं होतं. त्यासाठी अख्खी दिवाळीची सुट्टी होती. आणि आणलंत काय? ‘आमचे पूर्वज फार पूर्वीपासून येथे वास्तव्यास आहेत.’ हे वाक्य इतक्या वह्यांत सापडलं, की वर्गात एकच घराणं बसलंय की काय, असं मला वाटायला लागलं. त्याखाली राजा खांडक्या बल्लाळशाह, चांद्याचा परकोट आणि शेवटी ‘आमचे पणजोबा राजाच्या सैन्यात होते’. सगळ्यांचेच पणजे सैन्यात? मग धानाची रोवणी कोण करत होतं रे? चांद्याचं गोंड राज्य १७५१ साली भोसल्यांनी घेतलं. तुमचा पणजा त्या राजाच्या सैन्यात असेल तर त्याचं वय किती होतं, या, मांडा फळ्यावर.

मोबाइलमधून उतरवलंत, तेही डोळे मिटून. एका शहाण्यानं ‘अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा’ हेही सुवाच्य अक्षरात उतरवलंय.

तुम्हाला वंशावळ कळत नाही, असं मी मानायलाच तयार नाही. छोटा मटका वाघ कुणाचा, विचारा. अर्धा वर्ग ओरडेल, मटकासुर आणि छोटी ताराचा. माया कोणत्या भागात फिरायची, तेलियाच्या बहिणी किती, कोण कुठे सरकली, कुणी कुणाची हद्द घेतली, सगळं पाठ. वडील जिप्सी चालवतात, काका गाइड आहे, कानावर पडतं. ठीक आहे, त्यावर घर चालतं. पण आपल्या आजीचं माहेर विचारलं तर वर्गात शुकशुकाट! वाघिणीची हद्द माहीत, आणि जिनं बापाला वाढवलं ती बाई कोणत्या गावाहून चालत आली, ते माहीत नाही.

तू, खिडकीजवळची. तुझी आजी बाजारात मिरची घेऊन बसते. गिऱ्हाइकाशी मराठीत बोलते आणि पैसे मोजते तेलुगूत. मी कितीदा ऐकलंय. तू तर रोज ऐकतेस. का मोजते, हा प्रश्न एकदाही पडला नाही तुला? माणूस बोली बदलतो, पण मोजायला लागला की लहानपणीचे आकडे तोंडात येतात. सिरोंचाकडून आली असेल तर तिथून पुढे शोधायला लाग. आणि तो शोध साधा नाही. सिरोंचा १८७४ पर्यंत चांदा जिल्ह्यात नव्हतंच, अप्पर गोदावरी जिल्ह्यात होतं. त्यापूर्वीचा कागद चांद्याच्या दप्तरात मिळाला नाही म्हणून आजी खोटी ठरत नाही.

आणि मागच्या बाकावरचे साहेब! ‘माझ्या मामाचे मूळ गाव भगवानपूर.’ मूळ गाव! अरे, बोटेझरी आणि कोळसा गावाची काही घरं जंगलातून उठवून मूलजवळ या भगवानपुरात बसवली, ते साल २००७. तू जन्मलास त्याच्या थोडंसं आधी वसलेलं गाव मूळचं कसं होईल? तुझ्या आईला विचार, ती खेळली कुठल्या बोडीच्या पाळीवर. पुढे नवेगाव उठलं, जामणी उठली. आज जामणीच्या कुरणात गाडी थांबवून पाहुण्यांना वाघ दाखवता, तिथं चुली पेटत होत्या. सागाच्या रानात मध्येच चिंच दिसली तर पाहत जा जरा. ती बहुधा कुणीतरी अंगणात लावलेली असते.

महसुलाच्या यादीत अशा उजाड गावापुढे ‘रिठ’ लिहितात. आपल्या जिल्ह्यात अशी रिठं गावोगाव आहेत. कुठे साथ आली, कुठे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी माणसं पांगवली. तुमच्यापैकी कित्येकांची वाट अशाच एखाद्या रिठातून गेली असेल. एकाही वहीत हा शब्द नाही.

नाव नाही, गाव नाही, साल नाही. आणि बायका तर नाहीतच! बापाचा बाप, त्याचा बाप, अशी नुसती शिडी उभी केलीत. बाप एका गावात जन्मला आणि तिथेच मेला असेल. गाव सोडून येतात त्या लग्न झालेल्या मुली. सोयरिकी कोणत्या दिशेला होत गेल्या ते नकाशावर मांडा, वाट आपोआप दिसेल.

कागद कुठे मिळतील, हे वर्गात सांगितलं होतं. कुणी लिहून घेतलं? शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, त्यात ‘अमुक वल्द तमुक यास मुलगा’ एवढीच ओळ असते, मुलाचं नावही नसतं. म्हणून तारीख जुळवून बघायची. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली, त्यानंतरचा अधिकार अभिलेख. आणि पत्ता आजचाच असेल असं धरायचं नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो, आणि गडचिरोली १९८२ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती. जनगणनेच्या कार्यालयात मात्र नावं मागायला जाऊ नका. ती माहिती कायद्यानं गुप्त असते.

कागदाच्या पलीकडचंही आहे. गोंडांच्या घरातल्यांनो, तुमच्या कुळाचं पेनठाणं, म्हणजे देवाचं ठिकाण, कुठे आहे? पूजेला घरचे दरवेळी तिथंच का जातात? तुमची वंशावळ किंगरीवर गाणारे परधान होते, अजूनही आहेत. त्यांच्याजवळ बसायचं सोडून मोबाइलला विचारता!

‘सर, अमेरिकेत सगळं ऑनलाइन मिळतं,’ असं एकजण म्हणाला. काय मिळतं? तिथं पहिली जनगणना १७९० ची, आणि १८४० पर्यंत त्यात नाव फक्त घरच्या कर्त्याचं. बाकी माणसं आकड्यांत. बायको, पोरं, सगळी नुसती संख्या. मग तिथल्या वंश शोधणाऱ्यांनी काय केलं? शेजारी पाहिले. फिलाडेल्फियाहून व्हर्जिनियाच्या खोऱ्यातून कॅरोलिनाकडे जी कुटुंबं गेली, ती एकेकटी क्वचितच गेली. नातलग, शेजारी, एकाच चर्चची माणसं मागोमाग गेली. एका घराचा कागद हरवला तरी शेजारच्याचा सापडतो, आणि दोघं पुढच्या गावीही शेजारीच निघतात. तुमचं बोटेझरीही असंच एकत्र उठलं ना? मग एकेकट्यानं कशाला शोधता?

आणि हा विषय दहा मार्कांचा आहे म्हणून हलका समजू नका. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीची वहिवाट दाखवायची असते. जे आदिवासी नाहीत त्यांनी त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं. हिशोब करा, १९३० येतं. त्यापुढे ‘फार पूर्वीपासून’ लिहून कोण विचारणार? तिथं वंशावळ पुरावा म्हणून चालते, जुनी विहीर चालते, स्मशानभूमी चालते, देवस्थान चालतं. दावा करणाऱ्याखेरीज इतर वृद्धांचा लेखी जबाबही चालतो. तो जबाब देणारी माणसं ओसरीवर बसून आहेत आणि तुम्ही त्यांच्यासमोरून कानात वायर घालून जाता.

सोमवारी नवी वही. आपल्या आजीकडे बसायचंच, पण जबाब शेजाऱ्याच्या आजीचा आणायचा आणि तिच्या तोंडचे शब्द बदलायचे नाहीत. तिला साल आठवणार नाही. साल विचारू नका. कोणता पूल बांधला जात होता, गाडी कुठपर्यंत येत होती, पोरगं कडेवर होतं की पोटात, ते विचारा. खाली तारीख, तुमचं नाव, तिची सही. नसेल येत तर अंगठा. उठा, जोड्या लावा. मागच्या बाकावरचे साहेब, तुम्ही खिडकीजवळच्या मुलीच्या आजीकडे जायचं. मिरची विकत घेऊन बसायचं, फुकट नाही.