गुप्त साक्ष आणि तिसऱ्याचा न्याय

विश्वासानें सांगितलेली गोष्ट तिसऱ्याच्या हितासाठीं उघड करावी कीं नाहीं, हा पेंच घरोघर पडतो. पण तोच पेंच न्यायमंदिरांत पडला म्हणजे त्याचें स्वरूप निराळें होतें. अमेरिकेंतील ‘ग्रँड ज्यूरी’चें उदाहरण या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे.

संघीय न्यायालयांत ही १६ ते २३ नागरिकांची पंचसभा आरोप ठेवण्यास पुरेसा आधार आहे कीं नाहीं एवढेंच पाहते. तिचें काम बंद दाराआड चालतें. ऐकलेलें बाहेर न सांगण्याचें बंधन पंचांवर व सरकारी वकिलांवर असतें. खुद्द साक्षीदारावर मात्र नसतें! हेतु असा कीं, साक्षीदारानें निर्भयपणें बोलावें, संशयितानें पळून जाऊं नये आणि निरपराध्याची नाहक बदनामी होऊं नये.

१९७३ सालीं कांहीं स्वतंत्र पेट्रोल-विक्रेत्यांनीं अ‍ॅरिझोनांतील न्यायालयांत तेलकंपन्यांवर संगनमतानें भाव ठरविल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावला. पुढें १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील ग्रँड ज्यूरीनें अशाच संगनमताबद्दल कंपन्यांवर आरोप ठेवले. कंपन्यांनीं ‘आम्ही आरोप लढवीत नाहीं’ असें सांगून दंड भरला. या उत्तरांतील शहाणपण वाचकांच्या लक्षांत येईल: शिक्षा झाली, पण दिवाणी दाव्यांत उपयोगी पडेल अशी कबुली झाली नाहीं! तेव्हां विक्रेत्यांनीं त्या गुप्त जबान्यांच्या प्रती मागितल्या.

१९७९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कसोटी सांगितली, ती अशी कीं, अन्याय टाळण्यासाठीं कागद लागत असले पाहिजेत, गुप्ततेच्या गरजेहून ही गरज मोठी असली पाहिजे, आणि मागणी तेवढ्यापुरतीच असली पाहिजे. केवळ वेळ व खर्च वांचतो हें कारण पुरेसें नाहीं, हें १९५८ सालींच ठरलें होतें.

आम्हांस खटकतें तें एकच. या जबान्यांच्या प्रती आरोपी कंपन्यांना आधींच मिळालेल्या होत्या. धन्याविरुद्ध बोललेल्या कारकुनाला भीति कोणाची? धन्याची, आणि धन्यानें तर सर्व वाचलेलें! मग उरलेली गुप्तता साक्षीदाराचें रक्षण करते कीं धन्याच्या तिजोरीचें? न्यायालयानें या आक्षेपाची दखल घेतली. गुप्ततेची गरज त्यामुळें कमी होते, पण संपत नाहीं. उद्यां साक्ष द्यावयाची त्या मनुष्याचाही विचार केला पाहिजे, असें त्याचें म्हणणें. हें आम्हांस अर्धेंच पटतें. न्यायालयांत हजर नसलेल्या त्या मनुष्याची बाजू कोणी तरी घ्यावयास हवी, हें खरें; पण समोर उभ्या असलेल्या पीडितानें त्याचें मोल किती द्यावें?

तथापि निकालांतील एक गोष्ट आम्ही मोकळ्या मनानें वाखाणतों. ज्याच्यापाशीं कागद होते त्या न्यायाधीशाला दाव्याची माहिती नव्हती. ज्याच्यापुढें दावा होता त्याला कागद ठाऊक नव्हते. म्हणून कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानें कागद आपल्या अभिप्रायासह अ‍ॅरिझोनास पाठवावयास हवे होते, असें सांगून पूर्वीचा हुकूम रद्द झाला. गरज तोलणारानें ती प्रत्यक्ष पाहिलेली असावी, एवढाच याचा अर्थ.

१९८३ सालीं हीच कसोटी सरकारच्या स्वतःच्या दिवाणी वकिलांनाही लागू करण्यांत आली. फौजदारी अधिकारानें मिळविलेले कागद सरकारलाही आपल्या पैशाच्या दाव्यासाठीं न्यायालयाचा हुकूम मागितल्याशिवाय वापरतां येईनात.