न दिसणारे कर्तव्य

किरनापुरी आमच्या एका स्नेह्यांनी आपली 1999 सालची हीरो होंडा सीबीझेड दुरुस्तीस काढली. पुढच्या डिस्क ब्रेकचे कॅलिपर उघडले तो पिस्टन गंजलेला! ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते. म्हणून ते साधारणतः दर दोन वर्षांनी बदलावे लागते. येथे ते बदललेच नव्हते. पिस्टन नवा आणला. परंतु जुने रबरी सील वरून धड दिसत होते. तेच पुन्हा बसवावे काय?

सील केवळ तेल अडवीत नाही. ब्रेक दाबताच ते पिस्टनबरोबर किंचित वाकते आणि सोडताच पूर्ववत् होऊन त्यास मागे ओढते. जुन्या रबरास ही लवचिकता उरत नाही. मग ब्रेक चिकटतो, तेल झिरपते.

अपघात न झाल्यास दोष कसला, असे कोणी म्हणेल. आम्हांस हे मान्य नाही. पैसे वाचणार मालकाचे आणि धोका रस्ता ओलांडणाऱ्या पोराला. त्याची संमती कोणी घेतली? परिणाम दैवाधीन असेल, सचोटी मात्र आपल्या हाती आहे.

स्नेह्यांनी नवे सील बसविले. वाचकहो, झाकल्यावर जे कोणास दिसत नाही, त्या कामातच मनुष्याची खरी परीक्षा होते.